रुग्णाकडे पाहावे की रोगाकडे?

लातूर आणि नांदेड ही दोन शहरे आता साऱ्या महाराष्ट्राला डॉक्टर पुरवणारी म्हणून ओळखली जातात. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांतून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला, त्याला आता काही दशके लोटली. आज नांदेडच्या शिकवण्यांचे फलकही तितक्याच उंचीवर झळकतात. दहावीचा निकाल लागला की परभणी, बीड, हिंगोलीपासून थेट विदर्भ-खानदेशापर्यंतची मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन या दोन शहरांत उतरतात. एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात, डब्याचे जेवण जेवतात आणि दोन वर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत ‘नीट’ या एकाच शब्दाचा जप करतात. परीक्षेच्या दिवसांत आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांची संख्या वाढते. त्या मेणबत्त्यांपाशी कोणती विनंती केली जाते, हे धर्मगुरूला विचारावे लागत नाही. ‘माझा मुलगा डॉक्टर होऊ दे.’ आजवरच्या माझ्या धर्मसेवेत ‘माझी मुलगी रोगसंशोधक होऊ दे’ अशी प्रार्थनेची विनंती एकाही मातापित्याकडून आलेली नाही.

यात नवल काही नाही. डॉक्टर दिसतो, त्याच्या दाराशी पाटी असते, गावात त्याला मान असतो. संशोधक कोठे बसतो आणि काय करतो, हे कोणाला ठाऊक नसते. परंतु गेल्या काही महिन्यांत या विषयावर विचार करण्याची वेळ माझ्यावर आली. धर्मग्रामातील एक मुलगी एमबीबीएस झाली. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यांना बंधपत्रानुसार जी एक वर्षाची सेवा द्यावी लागते, ती तिने किनवटच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात दिली. परत आली ती वेगळाच निश्चय करून. आता ना दवाखाना, ना स्त्रीरोग किंवा बालरोगाची पदवी. जीवरसायनशास्त्र शिकायचे, पुढे पीएच.डी. करायची आणि सिकलसेल या रक्तविकाराचा अभ्यास करायचा. (घरच्यांच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे, गाव आणि नाव मुद्दामच सांगत नाही.) तिचे वडील रविवारच्या मिस्सेनंतर मला गाठून म्हणाले, “फादर, दीड एकर इकलं म्या पोरीच्या शिकवणीपायी. गावात डागदरीण यील आसं वाटलं व्हतं. आता ही म्हन्ती, मला पेशंट नगं बघायला, मला रोग बघायचाय. रोग बघून कुनाचं भलं व्हनार हाय? तुमीच सांगा.”

या प्रश्नाला झटपट उत्तर देऊन मोकळे होणे सोपे होते. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आम्हा धर्मगुरूंच्या जिभेवर सदैव तयार असतात. पण त्या गृहस्थांचा प्रश्न अडाणी नव्हता. नीतिशास्त्राच्या वर्गात जो प्रश्न आम्ही लॅटिन शब्दांत शिकलो, तोच ते मराठवाड्याच्या बोलीत विचारत होते. समोर विव्हळत असलेल्या माणसाला सोडून, अजून जन्मालाही न आलेल्या, कदाचित कधीच न भेटणाऱ्या माणसांसाठी आयुष्य वेचण्याचा अधिकार मनुष्याला आहे काय? आणि ज्यांनी जमीन विकली त्यांच्या ऋणाचे काय?

त्यांची बाजू जितकी बळकट आहे तितकी ती मांडली पाहिजे. नांदेडला १९८८ पासून आणि लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही ठिकाणी दूरदूरच्या तालुक्यांतून रुग्ण येतात, शेजारच्या तेलंगणातूनही नांदेडला येतात. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्या आठवड्यात घराघरांत जी चर्चा चालू होती, ती संशोधनाची नव्हती. औषधे होती का, परिचारिका किती होत्या, डॉक्टर किती होते, हेच लोक विचारत होते आणि ते योग्यच होते. अशा प्रदेशातील एका बुद्धिमान मुलीने स्टेथोस्कोप खाली ठेवून सूक्ष्मदर्शकाकडे जावे, हे तिच्या वडिलांना पळपुटेपणाचे वाटले तर त्यांना दोष कसा द्यावा?

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ ग्रंथात प्रीतीच्या क्रमाचा विचार केला आहे. जे आपल्या अधिक जवळचे, त्यांचे भले करण्याचे कर्तव्य अधिक मोठे, हे ते मान्य करतात. मात्र तेथेच न थांबता ते म्हणतात की परका मनुष्य जर अत्यंत गरजेत असेल आणि आपला पिता तितक्या निकडीत नसेल, तर परक्याला आधी साहाय्य करावे. नातेसंबंध आणि निकड या दोहोंचे वजन करताना सर्वांना लागू पडेल असा एक नियम घालून देता येत नाही, तेथे सुज्ञ माणसाच्या विवेकाचीच गरज असते, असेही ते सांगतात. आम्हा विद्यार्थ्यांना त्या काळी हे उत्तर अपुरे वाटे. आज मला त्यातला प्रामाणिकपणा अधिक भावतो.

जे जवळच्या हाकेला ओ देतात त्यांचा मोठेपणा आपल्या श्रद्धेला अपरिचित नाही. नेपल्सचे डॉक्टर ज्युसेप्पे मोस्काती यांना २५ ऑक्टोबर १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संतपद बहाल केले. ते जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक होते. संशोधनात त्यांना उत्तम गती होती, तरीही त्यांनी आयुष्याचा मोठा भाग इस्पितळातील गोरगरिबांना वाहिला. तेव्हा त्या पित्याच्या बाजूने एक संतही उभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पण मराठवाड्यानेच दिलेले एक दुसरे उदाहरण आहे, आणि ते मी त्या गृहस्थांना सविस्तर सांगितले. जालना जिल्ह्यातील देहेड नावाच्या खेड्यात १९५१ साली हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. घरची शेती, दारिद्र्य पाचवीला पुजलेले. मिळेल ते काम करत त्यांनी शिक्षण घेतले. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या त्यांच्या आत्मकथनात ही सारी वाटचाल आली आहे; ज्यांच्या घरात वाचनाची आवड आहे त्यांनी ते मुलांच्या हाती जरूर द्यावे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाचा दंश म्हणजे मृत्यूचेच बोलावणे असे. शेतात काम करणारा धट्टाकट्टा गडी, चुलीपाशी सरपण ओढणारी बाई किंवा खेळणारे पोर यांना विंचू चावे. आधी उलट्या होत, अंगाला दरदरून घाम सुटे, हातपाय थंडगार पडत. मग खोकल्याबरोबर फेस येई आणि काही तासांत माणूस जाई. फुप्फुसांत पाणी भरून तो जणू कोरड्या जमिनीवर बुडून मरे. पाठ्यपुस्तकांत यावर विशेष काही नव्हते.

या ठिकाणी बहुतेक डॉक्टर जे करतात तेच त्यांनीही केले असते तर कोणी त्यांना बोल लावला नसता. उपलब्ध औषधे द्यायची, नातेवाइकांचे सांत्वन करायचे आणि बदलीची वाट पाहायची. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून लिहायला सुरुवात केली. दंश किती वाजता झाला, पहिली उलटी केव्हा, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय केव्हा थंड पडले, फुप्फुसात आवाज केव्हापासून येऊ लागला. पुढच्या तासाला पुन्हा तेच. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. विषामुळे शरीरातील मज्जातंतूंचे जणू वादळ उठते, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य भार पडतो, आणि मृत्यू येतो तो या भाराने. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या ब्रिटनमधील प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रोगाची वाट कळली तेव्हा उपायाची वाटही दिसली. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी बाजारात होतेच. ते स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात मिळत असे. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी त्याचा उपयोग केला आणि १९८६ साली तो ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. गंभीर दंशाच्या रुग्णांमध्ये पूर्वी शंभरातील चाळीसांपर्यंत मृत्यू होत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

हे ऐकून त्या गृहस्थांनी जे म्हटले ते मला महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, “पन फादर, त्ये तर पेशंटापाशीच बसले व्हते.” बरोबर आहे. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. आपण ‘रुग्ण की रोग’ असा पर्याय मांडतो तेव्हा जणू दोन वेगवेगळ्या खोल्या आहेत आणि एकीत शिरले की दुसरीचे दार बंद होते, असे गृहीत धरतो. बिरवाडीत दार एकच होते. एका रुग्णाच्या मृत्यूने ज्याला झोप येत नाही, तोच पुढच्या रुग्णाच्या नाडीची नोंद करायला पहाटे तीन वाजता उठतो.

त्या मुलीचेही तसेच झाले असावे. किनवट-माहूरच्या आदिवासी वस्त्यांतून सांधेदुखीने कळवळणारी मुले आरोग्य केंद्रात येत. ती वेदनाशामक देई, मूल घरी जाई आणि काही आठवड्यांनी परत येई. सिकलसेलमध्ये रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुटतात. आईवडिलांकडून आलेला हा दोष आहे. काही घरांत तो शाप समजला जातो, तर काही घरांत सुनेच्या माथी मारला जातो. तिने मला विचारले होते, “फादर, मी त्याच मुलाला वर्षभरात पाच वेळा तीच गोळी दिली. ही सेवा आहे की सहावी खेप येण्याची वाट पाहणे आहे?”

योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाचा प्रसंग आहे. त्याला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू तो प्रश्नच नाकारतो आणि मातीचा लेप करून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. या उताऱ्यावर प्रवचन करताना आपण साधारणपणे असे सांगतो की कारणे शोधत बसू नका, मदत करा. मला वाटते, हा अर्थ पुरता बरोबर नाही. शिष्यांचा ‘का’ हा दोष देण्यासाठी होता. उत्तर मिळाले असते तर आंधळ्याला काहीच लाभ नव्हता. ज्या ‘का’चे उत्तर हाती लेप देते, त्या ‘का’ला प्रभूने नकार दिलेला नाही. सुनेला अपराधी ठरवणारे कुटुंब आणि रक्ताच्या थेंबात दोष शोधणारी मुलगी, दोघेही कारणच शोधत असतात. पण एका शोधाने ती सून आणखी दबते आणि दुसऱ्याने तिची सुटका होऊ शकते.

तरीही एक अडचण उरते. बावस्करांना फळ मिळाले, आणि तेही स्वतःच्या डोळ्यांदेखत. प्रयोगशाळेत जाणाऱ्या सर्वांच्या नशिबी हे नसते. सिकलसेलचाच इतिहास पाहावा. १९१० साली शिकागोतील डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि या आजारासाठी हायड्रॉक्सियुरिया या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९८ साली. पहिल्या वर्णनापासून ८८ वर्षे! या काळात किती संशोधकांनी आयुष्य घालवले असेल आणि निवृत्तीच्या दिवशी हाती एकही औषध न घेता घरी गेले असतील. भारतात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले तेच मुळी जुलै २०२३ मध्ये. शिवाय आपल्याकडील सिकलसेलचा जनुकीय वंश आफ्रिकेतील प्रमुख प्रकारांहून वेगळा आहे. परदेशातील ज्ञान जसेच्या तसे किनवटला लागू पडेलच असे नाही. ते येथेच कोणीतरी तपासले पाहिजे.

फळ न मिळणे आणि काम वाया जाणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. १९५४ साली डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने क्षयरोगावर औषध शोधताना एक लालसर रंगाचे द्रव्य तयार केले. क्षयरोगावर त्याची अपेक्षेप्रमाणे मात्रा चालली नाही. तेवढ्यावरून पाहिले तर तो प्रयत्न फसलाच होता. तेच द्रव्य पुढे कुष्ठरोगावर गुणकारी ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली कुष्ठरोगासाठी जी बहुविध औषधयोजना सुचवली, तिच्यातील तीन औषधांपैकी क्लोफाझिमिन ते हेच. आपल्या मराठवाड्यातील गावागावांत ज्या गोळ्यांनी माणसे बरी झाली आणि घरात परत घेतली गेली, त्यांपैकी एका गोळीचे मूळ आयर्लंडमधल्या एका फसलेल्या प्रयोगात आहे. अर्थात, प्रत्येक फसलेल्या प्रयोगाचे असे होते, हे म्हणणे खोटे ठरेल. पुष्कळसे नुसते फसतात.

डॉ. कमल रणदिवे यांचे उदाहरण या पित्याला थोडे दिलासा देणारे वाटले. त्यांच्या वडिलांचीही इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा. वडील स्वतः पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने जीवशास्त्र निवडले, विवाह केला तो गणितज्ञाशी आणि मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगाच्या संशोधनात शिरल्या. पेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासण्याची प्रयोगशाळा त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मुलीने आज्ञा मोडली असे कोणी म्हणेल. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. त्यांच्या स्वप्नाची नक्कल करायला सांगत नाही, असे माझे मत आहे. मात्र दीड एकराचे ऋण हे निव्वळ भावनेचे प्रकरण नव्हे. संशोधन करणाऱ्याला बरीच वर्षे विद्यावेतनावर काढावी लागतात, आणि तेवढ्या काळात वर्गमित्रांचे दवाखाने उभे राहतात. धाकट्या भावाचे शिक्षण, आईचे औषधपाणी हे कोण पाहणार, याचा हिशेब मुलीने वडिलांसमोर बसून मांडला पाहिजे. पाचारणाचे नाव घेऊन हा हिशेब टाळणे मला मान्य नाही. आम्ही धर्मगुरू होताना आमच्याही घरांनी हा हिशेब सोसला आहे. फरक इतकाच की आमच्या मागे संस्था उभी होती, तिच्या मागे कोणी नाही.

वडिलांनी न विचारलेला एक धोका मात्र मी मुलीपाशी बोललो. रोगाकडे फार वेळ पाहिले की रोगी दिसेनासा होण्याची भीती असते. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली शोधणारे नॉर्वेचे डॉ. हॅन्सन हे मानवजातीचे उपकारकर्ते, यात शंका नाही. परंतु जंतूनेच रोग होतो हे सिद्ध करण्याच्या ध्यासात त्यांनी १८७९ साली एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, कुष्ठाच्या गाठीतील द्रव्य टोचले. न्यायालयाने पुढच्या वर्षी त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. याउलट, मुंबईत प्लेगने हाहाकार उडवला असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. (त्या साथीचे पहिले निदान १८९६ साली मांडवीत करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे गोव्याचे कॅथोलिक, हे आपल्या नव्या पिढीला बहुधा ठाऊक नसते. हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या ज्या वास्तूत गेली, ती एके काळी जेझुइट संघाची होती.) पण हाफकिन यांच्या लशीची पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे नमूद आहे. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा किती मोकळी असते?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा नाही. शासकीय रुग्णालयाच्या फरशीवर मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई कोणत्याही कागदावर अंगठा देईल, कारण तिच्यापुढे उभा असलेला डॉक्टर तिला देव वाटतो. रक्ताचा नमुना उपचारासाठी घेतला की अभ्यासासाठी, हे तिला तिच्या भाषेत, गोंडी किंवा बंजारा बोलीत, कोणी सांगितले का? नकार दिला तरी गोळी मिळेल, हे सांगितले का? जी मुलगी त्याच वस्तीत गोळ्या देऊन आली आहे, तिला हे इतरांपेक्षा अधिक समजेल, अशी माझी आशा आहे. तिने रुग्णालय पुरते सोडू नये, आठवड्यातील एखादा दिवस तरी बाह्यरुग्ण विभागात बसावे, असे मी तिला सुचवले. तिने ते मान्य केले आहे. वेळापत्रक कितपत परवानगी देते, ते पाहायचे.

स्वतःच्या शोधावर जडणारे प्रेम, हा आणखी एक धोका. त्या बाबतीत पुन्हा महाडकडेच यावे लागते. प्राझोसिनने बावस्करांना कीर्ती दिली होती. दरम्यान मुंबईच्या हाफकिन संस्थेने विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले. आपलेच औषध पुरेसे आहे असे म्हणून त्यांना ते बाजूला सारता आले असते. त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांची रीतसर चाचणी घेतली. काहींना नुसते प्राझोसिन दिले, तर काहींना प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिले. ज्यांना दोन्ही मिळाले ते निम्म्याहून कमी वेळात बरे झाले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ते आपल्याच नावाने छापले. तेव्हा त्यांच्या वयाची साठ वर्षे पूर्ण होत होती, आणि विंचू चावलेली माणसे रात्री-अपरात्री त्यांच्याच दवाखान्यात येत होती.